लेबल

जळगावच्या विमानतळावर विमानं मोजकीच,
म्हणून आम्हाला वेळ असतो
बॅगेच्या पोटात नीट पाहायला.

त्या दिवशी पडद्यावर दोन जाड पुस्तकांच्या मधे
एक बाटली दिसली.
नाव पुकारलं : रेलू दित्या बारेला.
आली. नर्सिंगचं दुसरं वर्ष, हैदराबाद.
गाव विचारलं. म्हणाली, लंगडा आंबा,
आणि मी हसतो का ते बघत राहिली.
मी फैजपूरचा. गाव माहीत होतं. हसलो नाही.

म्हटलं, ताई, दारू न्यायचे नियम असतात.
म्हणाली, पाठ आहेत.
चोवीस ते सत्तर टक्के, माणशी पाच लिटर.
सत्तरच्या वर थेंबसुद्धा नाही.
बाटली सीलबंद पाहिजे, लेबल पाहिजे.
मग, लावलंय की!

खरंच लावलं होतं.
बुचावर मेणबत्तीचं मेण, मेणावर अंगठा.
वहीचं पान खळीनं चिकटवलेलं, त्यावर बॉलपेननं :

मोह.
झाड – नाल्यापलीकडचं, आमच्या वाट्याचं.
फुलं वेचली – मी, आई आणि झेली, अस्वल यायच्या आधी.
गाळली – ठुमली फुई.
धार – पहिली.
टक्के – काडी लावली तर निळं जळतं.

सात वर्षांत मी सोनेरी अक्षरांची लेबलं वाचली,
किल्ल्यांची, घोड्यांची, हरणांच्या शिंगांची.
वेचणाऱ्याचं नाव एकावरही नव्हतं.
आमच्या रजिस्टरातही त्याचा रकाना नाही.
रकाना आहे : कंपनी.

साहेबांना फोन लावला.
साहेब म्हणाले, निळं म्हणजे किती?
मी तिला विचारलं.
ती म्हणाली, चांगलं निळं.

साहेब नको म्हणाले.
मी बेसिनकडे हात केला, तशी ती पहिल्यांदा चिडली.
तिथं नाही. पाइपात कोण राहतं?
पहिले थेंब जमिनीचे असतात.
हॉस्टेलात येऊन वर्ष झालं,
तिथल्या जमिनीला मी अजून
माझं नाव सांगितलेलं नाही.

नशीब, भाऊ कुसुंब्याच्या टपरीवर चहा पीत होता.
फोन केल्यावर परत आला, गेटवर बाटली घेतली,
मोटारसायकलच्या डिक्कीत ठेवली.
लेबल तिनं आधीच नखानं सोडवून घेतलं होतं.

बॅगेच्या तळाशी आणखी एक पिशवी निघाली.
पडद्यावर मनुका वाटल्या होत्या :
मोहाची सुकी फुलं, दीड किलो.
नियम वर-खाली वाचले.
फुलांना टक्का नसतो. सोडली.

चेन लावता लावता तिनं विचारलं,
हैदराबादला मातीचं मडकं कुठं मिळेल हो?
म्हटलं, पळा, विमान सुटतंय.

रात्री घरी चहाला गॅस पेटवला
आणि पाणी ठेवायचं विसरून
बघत उभा राहिलो,
हे किती टक्के असेल.