जुन्या घरात चारच वाजलेत

योएन्सू, नोव्हेंबर. साडेतीनलाच अंधार.
आइलाच्या टेबलावर, कॉफीच्या डागांशेजारी
उघडा पडलाय नऊ वर्षांचा लॅपटॉप.
कंपनीने कळवलंय: तुमचं यंत्र यापुढे चालायचं नाही,
नवं घ्या.
आइला म्हणाली, नऊ म्हणजे काय वय झालं?
माझं शिवणयंत्र बावन्न सालचं,
अजून टाका चुकवत नाही.

म्हणून तिसऱ्या मजल्यावरचा वेइक्का आलाय.
पायात दोन रंगांचे मोजे,
खिशात नखाएवढा पेनड्राइव्ह,
त्यात एक आख्खं नवं बिऱ्हाड.

"सगळं पुसून टाकू? सोपं पडतं."
"नको. आत एकतीस हिवाळ्यांचे पक्षी आहेत."
दाणेघरावर आलेले, तारीखवार, रकान्यांत:
तिल्ही चौदा, तिल्ही शून्य,
सत्त्याण्णवला एकदाच आलेलं,
काहीही न खाता गेलेलं घुबड.

मग वाटणीच करायची ठरली.

पडद्यावर एक लांब निळी पट्टी,
चारशे शहात्तर जीबी, एकाच मालकाची.
मागितलं अर्धं.
यंत्र म्हणालं, एकसष्ट देता येतील फार तर,
मधोमध एक फाईल बसलीय,
ती हलत नाही.

आइला हसली.
"आमच्यातही होता एक. आईचा काका.
गाड्या भरल्या, गायी जोडीने बांधल्या,
हा आपला बाकावर, अनवाणी."
"मग?"
"मग काय. बाकासकट उचलला."

वेइक्काने हायबरनेशन बंद केलं,
म्हणजे यंत्राची हिवाळी झोपच काढून घेतली,
आणि फाईल मुकाट्याने उठली.

*

आता बांध सरकतोय.
वीज तोडू नका. झाकण मिटू नका.
सात टक्के.
सात टक्के.
मुलगा राईची भाकरी लोण्यात बुडवतो,
फोनवर कुणाशी तरी हरतो.
पट्टीच्या आतून एकेक ठोकळा
उचलून अलीकडे ठेवला जातोय,
कुणाला जाग न येता.

चव्वेचाळीसच्या सप्टेंबरात
नकाशावरची रेघ अशीच सरकली.
लेम्पीने, आइलाच्या आईने,
चुलीतली राख काढली, फळ्या घासल्या,
कोपऱ्याकडून दाराकडे केर काढत आली
आणि केरसुणी आत उभी करून दार ओढून घेतलं.
"येतील ते काय म्हणतील?"
येणारे कोण, कुठल्या भाषेत म्हणतील,
हे तिने विचारलं नाही.
आइलाचा तेव्हा जन्मही नव्हता.
पण ऐकलंय इतक्यांदा
की त्या फळ्यांवरची ती खरखर
आता तिच्याही कानांत आहे.

एकोणचाळीस टक्के.
"एवढा वेळ का?"
"जुनी डिस्क आहे, आजी."
"मी डिस्कचं विचारत नव्हते."

*

पुन्हा सुरू केलं तेव्हा
काळ्या पडद्यावर दोन नावं, वर लिनक्स, खाली जुनं,
आणि उलटे मोजलेले दहा सेकंद.
आइलाने काहीच दाबलं नाही.
वरचं दार आपोआप उघडलं.

प्रिंटरने नव्या घराला लगेच ओळख दिली.
आवाज मात्र गेला. स्पीकर मुके.
वेइक्का शरमला, कान लाल झाले त्याचे.
ती म्हणाली, राहू दे, पक्षी तर वाचता येतात.
एकतीस वर्षं उघडली, खाली गेली, वर आली.
घुबड जागेवर होतं.

मग म्हणाली, जरा खालचं दार उघड.
बघून येऊ.

सगळं तसंच. तोच निळा पडदा, तीच टोपली,
फक्त घड्याळात चार.
स्वयंपाकघराच्या भिंतीवर सहा.

"होतं असं," वेइक्का म्हणाला,
"आत एकच घड्याळ असतं, बारक्या सेलवर चालणारं.
नवीन त्यात ग्रिनिचची वेळ लिहून जातं,
जुनं तीच इथली समजून वाचतं.
खोटं कुणीच बोलत नाही.
एक ओळ टाकली की जुळतील दोन्ही."

"टाक," आइला म्हणाली.
त्याची बोटं कीबोर्डवर गेली.

"थांब," म्हणाली. "उद्या टाक."
आणि उठून
दुसरी कॉफी चढवायला गेली.