शेऱ्याचा रकाना

आज दुसरी ‘ब’.
बूट काढा म्हटलं तर मोज्यांतून अंगठे बाहेर
आणि सगळी एकमेकांच्या अंगठ्यांना हसतायत.
उंची, वजन, दात, मग छातीला नळी.
नळीचं तोंड आधी मुठीत धरून उबवावं लागतं,
नाहीतर जानेवारीतलं उलानबातरचं पोर
श्वास घ्यायच्या आधीच किंचाळतं.

यंदा वरून एक फॉर्म आलाय.
सत्तावीस प्रश्न, प्रत्येकापुढे पाच चेहरे,
रडक्यापासून हसऱ्यापर्यंत.
मुलांनी नुसतं बोट ठेवायचं.

गेल्या आठवड्यात तुला ताजंतवानं वाटलं का?
तुगुल्दुर म्हणाला, मंगळवारी.
मंगळवारीच का रे?
वारा होता ना.
खरंच की. मंगळवारी टेकडीवरचा धूर उठून गेला होता
आणि दुपारी कुणीतरी ओरडलं होतं, डोंगर दिसतोय.
आता पाचांतला मंगळवार कुठला,
तो शोधत राहिला. मीही.

तुला झोप पुरते का?
हो, पण दोन तुकड्यांत, असं खालिउन म्हणाली.
तीनला उठते, शेगडीत कोळशाचे दोन गोळे सारते,
कारण आई रात्री विमानतळाच्या फरश्या पुसते
आणि धाकट्याला झोपेतही कळतं
तंबू गार पडायला लागलेला.
सांगताना चेहरा अगदी कामाचा.
बोट ठेवलं थेट पाचव्यावर, सगळ्यात हसऱ्या,
आणि मी काही तिचं बोट हलवलं नाही.

तेमूलेनची छाती स्वच्छ. ऐकत राहावी अशी.
सहाव्या मजल्यावर राहतो, नळाला गरम पाणी,
खोलीत हवा धुणारं यंत्र.
तुझ्याबरोबर कोण खेळतं?
त्यानं बराच वेळ यंत्राबद्दल सांगितलं,
त्याचा निळा दिवा, त्याचा आवाज.
मग पहिल्या चेहऱ्यावर बोट ठेवून
घाईनं उचललं, चटका बसल्यासारखं.

मी यांच्याएवढी होते तेव्हा
आमच्या गोबीतल्या शाळेत वजनकाटाच नव्हता.
लोकर मोजायच्या काट्यावर, गठ्ठ्यांच्या जागी,
आम्हाला तिघातिघांना उभं करत
आणि बेरीज भागिले तीन.
माझं खरं वजन कुणालाच ठाऊक नव्हतं, मलाही,
पण जेवण होतं, घोडं होतं,
हाक मारली तर कुणीतरी ओ देत होतं.
हे फॉर्ममध्ये बसत नाही. जाऊ दे.

शेवटची त्सेल्मेग.
कोट काढायला तयार नाही. वजन तेवीस किलो,
मागच्या महिन्यात एकवीस नव्हतं गाठलं.
खिशात काय गं?
काही नाही.
मग एकेक करून टेबलावर ठेवले तिनं,
सात दगड, नदीतले, गुळगुळीत, निवडलेले.
कुत्र्यांसाठी, म्हणाली.
पाण्याच्या टाकीपाशी तीन असतात, काळं पुढे येतं.
मारतेस?
नाही. नुसता हात वर करते.
पण हातात काहीतरी असावं लागतं.

दगड बाजूला मोजले. दोन किलो शंभर.
वजाबाकी केली आणि पेन उचललेलंच राहिलं.
शेऱ्याचा रकाना बोटभर रुंद.
त्यात ‘टाकी’ लिहिलं, ‘काळं’ लिहिलं,
‘संध्याकाळची पाळी, सुटते सहाला, अंधार’ लिहिलं,
अक्षर समासाबाहेर गेलं. वरचे साहेब विचारतील.
विचारू देत.

तोवर दगड गरम पाण्याच्या नळकांड्यावर ठेवले होते,
जागा नव्हती म्हणून, मनात काही नव्हतं माझ्या.
सहाची घंटा झाली. बाहेर वजा अठ्ठावीस.
ती दगड घ्यायला आली, पहिला उचलला
आणि थबकली.
मग दोन्ही हातांत एकेक धरून,
बाकीचे खिशात भरून,
मला काहीही न बोलता
दाराकडे गेली. अंगठ्यानं दगड चोळत.