मानेपुरता साचा

इर्या आली तेव्हा बाहेर उणे एकोणीस.
चष्म्यावर वाफ, काखेत मार्गारिनचा डबा,
डब्यात त्रेचाळीस रिकाम्या पुंगळ्या.
पितळ लख्ख घासलेलं, मानेशी मात्र काजळी तशीच.
"साचा हवाय," म्हणाली, "मानेपुरता.
ताउनो तसाच वापरायचा."

सव्वीस वर्षं मी कुह्मोच्या या दुकानात
गळ, बुटांच्या नाड्या आणि काडतुसांचं सामान विकतो.
एवढं कळतं:
बार होतो तेव्हा पितळ फुगतं,
बंदुकीच्या पोटाला आतून टेकतं
आणि त्या पोटाचंच होऊन बाहेर येतं.
पूर्ण साचा ते सगळं पुसतो,
कारखान्यातून आल्यासारखं कोरं करतो.
मानेचा साचा खांद्याला हात लावत नाही.
मान तेवढी आवळतो, नवी गोळी धरण्यापुरती.
बाकी अंग त्या एकाच बंदुकीचं राहतं.

तीन मांडले काउंटरवर.
हा चिमट्यासारखा चहूबाजूंनी दाबतो, वंगण लागत नाही.
हा कडीचा, कडी बदलता येते.
हा स्वस्त. पण गरजेपेक्षा जास्त आवळतो,
पितळ थकतं, पाचव्या-सहाव्या बाराला मान चिरते.
"भरलेलं एखादं आहे का, मापायला?"
तिनं कोटाच्या आतल्या खिशातून एक काढलं.
ताउनोनं भरलेलं.
मानेशी सात पूर्णांक बावन्न.
"मग कडी सात सत्तेचाळीसची."
तिनं आकडा तळहातावर लिहिला.

"बंदूक त्याचीच ना?"
"माझी.
त्याची मे महिन्यात औलूला गेली.
छपराचे पैसे द्यायचे होते."

मी कडी खाली ठेवली.
तिला काय सांगायचं? चाळीस हिवाळे
एल्कमागे चाललेली बाई.
ती गाडीतून स्वतःची बंदूक घेऊन आली.
मागच्या खोलीत, दिव्याखाली,
एकेक पुंगळी घालून बघितली.
बोल्ट अडला.
अडला.
पुन्हा अडला.
नववी मात्र लोण्यात सुरी जावी तशी बसली.
मग तेरावी. मग लागोपाठ दोन.
सगळ्या मिळून अकरा.

ती हसली, पहिल्यांदाच.
"या माझ्याच.
मला वाकायचा कंटाळा,
बर्फातून माझ्या पुंगळ्याही तोच वेचायचा.
घरी आणून एकाच डब्यात टाकायचा."

"पूर्ण साचा घे," मी म्हटलं,
"बत्तीसही चालतील तुझ्या बंदुकीत."
"ठाऊक आहे."
"नुसत्या अकरांसाठी कडीचा महाग पडेल."
"ठाऊक आहे, वेइयो."

पैसे मोजून दिले.
मानेच्या आत ग्राफाइट लावायचं का, विचारलं.
लाव म्हटलं, थोडं.
अकरा एका मोज्यात घातल्या,
बत्तीस परत डब्यात, झाकण दोनदा दाबलं.

ते भरलेलं एक
मापकाशेजारी राहिलं होतं.
दारातून परत आली, खिशात टाकलं.
ते कुणाच्या पोटात बसतं
ते आम्ही दोघांनीही तपासलं नव्हतं.