टू

ग्रिम्झबीच्या गोदीमागे, वाचनालयाच्या वरच्या खोलीत
मंगळवारी सातला वर्ग भरतो.
हीटर एकाच अंगानं तापतो, म्हणून सगळ्या खुर्च्या तिकडे.
कोटांना कॉडचा वास. तो धुतला तरी राहतोच.

मिसेस ऑल्ड्रॉइड फळ्यावर दोनच अक्षरं काढतात: टी, ओ.
'हा क्रियापदाच्या उंबऱ्यावर उभा असतो.
कोण आलं, काल आलं की उद्या, त्याला काही पडलेली नाही.
तो फक्त बोट दाखवतो, पुढे.'

दाइवा म्हणते, मी इथे आले टू वर्क.
बरोबर.
रेझिन म्हणते, वेळच नाही टू स्लीप.
हसू फुटतं, रात्रपाळीवाल्यांना जरा जास्तच.
म्हातारा योनास खोकून म्हणतो, टू लिव्ह इज टू पे.
बाई खडू हातात धरून थांबतात.
व्याकरणाची चूक सापडत नाही.

तेस्फालेम मात्र दरवेळी टू गाळतो.
आय वॉन्ट गो. आय वॉन्ट सी.
हवं असणं आणि जाणं यांच्यामध्ये
एवढीशी फटसुद्धा ठेवायला तो तयार नाही.

मग बाई दोन बायका काढतात, काडीच्या.
एकीनं पिशवी खाली ठेवलीय, कपाळावर हात आडवा: स्टॉप्ड टू लुक.
दुसरी पाठमोरी: स्टॉप्ड लुकिंग.
एक शोधायला थांबली,
एक शोधायची थांबली.
ला आणि ची.
बाकी सगळं तेच, पायही तेच.

तेस्फालेम वहीत उतरवून घेतो.
पहिली जमते. दुसरीची पाठ तीनदा खोडतो.
हाब्तोमचा हात सुटला तो धक्का
त्यानं इथे कुणाला सांगितलेला नाही.
आई केरेनमध्ये. दर रविवारी फोनवर
आधी तोच प्रश्न, मग जेवलास का.

घरचा अभ्यास: स्टॉप्ड वापरून एक वाक्य.
माय मदर स्टॉप्ड, एवढं लिहून
पेन्सिल कागदावर टेकून राहते.
खाली ग्रंथपाल किल्ल्या वाजवतो.
दाइवा बससाठी उठते, मफलर विसरते, परत येते.

बाई वाकून बघतात. सुचवत काहीच नाहीत.

तो लिहितो. टू गाळत नाही.
माय मदर स्टॉप्ड टू ड्रिंक वॉटर.

पाणी प्यायला थांबली,
इतकंच.