काठ

मोरगावच्या तलावावर भर बारा वाजता
पाणी दिसत नाही, पांढरा पत्रा दिसतो.
त्याच्यासमोर रायवंताबाईंना उभं केलं, ही पहिली चूक.
दुसरी अशी की भिंगाचं छिद्र पूर्ण उघडं ठेवलं,
मागचं धुरकट यावं म्हणून.
भिंग जुनं, गोंदियाहून दीड हजारात आणलेलं.
विकणारा म्हणाला होता, उन्हात जरा जपा.
उन्हात जपावं लागत नाही असं इकडे आहे तरी काय?

मच्छीमार सोसायटीच्या त्या नव्या अध्यक्ष,
अकरात सात मतांनी.
चौकात फ्लेक्स लागणार होता, आठ बाय दहा.
खांद्यावर जाळं, हातात मागूर, अजून जिवंत,
आणि चेहरा असा की फोटो एकदाचा उरकला म्हणजे
मासा सोडून देता येईल किंवा शिजवता येईल.

दुकानात येऊन मोठं करून पाहिलं
तर जाळ्याच्या दोऱ्या-दोऱ्याला जांभळी कड.
मागुराच्या मिशांना.
पलीकडच्या मोहाला तेव्हा एक पान नव्हतं,
त्याची काडी न् काडी कुणी पेनानं गिरवलेली.
तुडुमावर बगळा होता,
तोही कडेकडेनं शाईत बुडवून काढलेला.

लोकचंद म्हणाला, भाऊ, हे काहून होते?
मी सांगितलं: रंग सगळे सोबतच निघतात,
भिंगातून जाताना जांभळा जास्त वाकतो,
त्याचा मेळ पडद्याच्या अलीकडेच बसून जातो,
बाकीचे येऊन टेकेस्तोवर
हा पुन्हा पसरलेला.
"म्हनजे वरातीत पुढं नाचनारा," तो म्हणाला,
"नवरदेव मांडवात पोचते
तवा हा कोठंतरी सतरंजीवर आडवा."
बारा वर्षं हा धंदा करतो,
इतकं नीट मला कुणी समजावलं नव्हतं.

फ्लेक्सवर ती कड दोन बोटं रुंद झाली असती.
सॉफ्टवेअरमध्ये एक पट्टी असते. सरकवली.
दोऱ्यांचं गेलं, मिशांचं गेलं, मोहाचं गेलं,
बगळा परीटघडीचा.
दहा सेकंद. मी चहा सांगितला.

सांजेला त्या आल्या,
ओल्या चपला पायरीखाली ठेवून.
पुष्कळ वेळ पाहत राहिल्या.
चेहरा नाही पाहिला, मासा नाही पाहिला.
"बाबू, माह्या लुगड्याचा काठ कोठं गेला?"

काठ जागेवरच होता, फक्त राखेचा.
वांगी रंगाचा चार बोटं काठ.
चुकून आलेला जांभळा कोणता,
साकोलीच्या बाजारात सात लुगडी उलगडून
निवडलेला कोणता,
पट्टीला कोण सांगणार?
"एका दिवसात विटलं व्हय?" त्या म्हणाल्या,
आणि पदर हातात घेऊन
दुकानाच्या ट्यूबलाइटखाली ताडून पाहिला.

मग पट्टी मागे नेली.
ब्रश तांदळाच्या कणीएवढा केला
आणि एकेक दोरा हातानं पुसत बसलो.
गाठीपाशी थांबायचं, वळायचं,
काठ आला की हात उचलायचा.
दोनदा लाइट गेली.
एका जाळ्यात गाठी किती असतात हे मला त्या रात्री कळलं.
रायवंताबाईंना ते आधीपासून माहीत होतं,
जाळं त्यांनीच विणलेलं.

फ्लेक्स लागला. लोक म्हणाले, झकास.
मी रस्त्याच्या पलीकडून पाहिलं
तर डाव्या कानातल्या बाळीच्या आत
एक जांभळा ठिपका तसाच राहिलेला,
आता सुपारीएवढा.
कुणाला दिसला नाही. मला दुसरं काही दिसेना.

पुढच्या खेपेला, मी त्यांना म्हणालो,
सकाळी सातला या तलावावर,
सूर्य माझ्या पाठीशी असेल, ही भानगडच होणार नाही.
त्या हसल्या.
"सातला कशी येऊ बाबू,
सातला मी पान्यात राहतो."