चौथ्या टाकीतला ठोकळा

लोक म्हणतात, काँक्रीट वाळतं.
वाळत नाही. पितं.
एकतीस वर्षं या तळघरात
मी टाक्यांचं पाणी सांभाळतो,
वीस अंश, ना एक कमी ना एक जास्त,
वर त्रोनहाइमच्या गल्ल्यांत
बर्फ गुडघ्याला लागो की मांडीला.

तोरुन दुसऱ्या मजल्यावरून येते.
तिचं सिमेंट संगणकात असतं:
शंभर मायक्रॉनांची एक खोली,
तिच्यात छऱ्यांसारखे गोल कण,
दर कणावर तासागणिक चढत जाणारी साल.
साली एकमेकींना टेकल्या
की ती म्हणते, जमलं.
मी विचारलं होतं, दळलेला दगड गोल कसा?
"नसतोच. पण गोल धरला
तर पुढचं सुचतं."
असेल. मी मात्र कडा पाहिल्यात,
फुटक्या बाटलीसारख्या.

पाणी कुठे मुरतं,
एवढाच तिच्या प्रबंधाचा प्रश्न.
चार वर्षं त्यात गेली.
मार्चमध्ये खाली येऊन म्हणाली,
"अकरा वर्षांचा नमुना असेल का कुठे?
माझं गणित तिथवर पळतं,
पण साक्षीला कुणी नाही."

होता.
चौथ्या टाकीत, तळाशी,
निळ्या मेणखडूनं लिहिलेला:
सिंद्रे, चौदा ऑक्टोबर.

अठ्ठाविसाव्या दिवशी ठोकळा फोडायचा असतो.
सिंद्रे आला नाही.
एकोणतिसाव्या दिवशीही नाही.
मग त्याची आई आली,
कप, बूट, एक लोकरी टोपी
पिशवीत भरून घेऊन गेली.
ठोकळ्याचं तिला कुणी सांगितलं नाही.
मीही नाही.
दर सहा महिन्यांनी टाकी उपसायची,
तो बाहेर काढायचा, ओल्या गोणपाटात ठेवायचा,
टाकी घासायची, त्याला परत आत सोडायचा.
यादीत त्याच्यासमोर मी लिहीत राहिलो:
चाचणी बाकी.

हिऱ्याच्या पात्यानं काप काढला.
राळेत बसवला. घासला,
नऊ मायक्रॉन, तीन, एक, पाव.
शेवटची घासणी हातानं,
कारण कधी थांबायचं ते यंत्राला कळत नाही.

मग पडद्यावर तो करडा मुलूख.
काळी भोकं. राखाडी साय.
आणि मधूनमधून पांढरेशुभ्र गाभे,
पाणी न लागलेले.
अकरा वर्षं बुडून राहिलेल्या दगडात
कोरडे कण!
तोरुन खुर्चीत पुढे सरकली.
गणितानं सहा टक्के सांगितले होते,
मोजले तर नऊ निघाले.
बराच वेळ ती बोलली नाही,
पेन्सिलीनं टेबल ठोकत राहिली.
"साल मी धरली त्याहून घट्ट आहे," म्हणाली,
"पाणी दारापर्यंत जातं
आणि तिथेच उभं राहतं."
मी चष्मा पुसला.
तो तसा स्वच्छच होता.

तक्त्यात त्या ओळीला नाव हवं होतं.
तिनं खडूकडे बोट दाखवलं:
"हा कोण?"
मी म्हटलं, टाकीचं पाणी बदलायचंय,
उद्या सांगतो.

उरलेला अर्धा ठोकळा परत ठेवला,
कापलेली बाजू खाली, नाव वर.
यादीत लिहिलं: चाचणी झाली.
खोडलं.
लिहिलं: अर्धी.
पाणी वीस अंश.