अधिक-उणे

रात्री अडीचला राजेंद्रनगरात
फक्त माझा पंखा जागा.
पडद्यावर कौनासचा एक पोरगा :
वय एकोणीस, सामन्यामागे मिनिटं चौदा,
फ्री-थ्रो शेकडा एकसष्ट.
लीगचा गुणक लावते, वयाचा लावते,
पाच वर्षांनी तो किती गुण काढेल
ते दोन दशांशांपर्यंत सांगते.

कोरान्ने सरांकडे कागदसुद्धा नसायचा.
रेसकोर्स रोडच्या कोर्टावर
आईला बोलावून तिची उंची पाहिली,
माझं मनगट चिमटीत धरलं,
म्हणाले, "विभागापर्यंत जाईल."

विभागापर्यंत गेले.
बरोबर निघाले सर, त्याचाच राग.

पोराच्या आकड्यापुढे
अधिक-उणे किती, तेही लिहायचं असतं.
सूत्र म्हणतं तीन.
मी पाच लिहिते
आणि कचऱ्याची गाडी गाणं वाजवत यायच्या आत
पाठवून देते.